केल्म्सकॉटचा मॅनर मुळात मॅनर नव्हताच – थोडी पार्श्वभूमी

ऑक्सफर्डशायरमध्ये टेम्सच्या काठावर, लेचलेडच्या जरा खाली, केल्म्सकॉट नावाचं एवढंसं गाव आहे. दगडी घरं, बारकं जुनं चर्च, बाकी नदीकाठची कुरणं. मध्ययुगाबद्दल फार लिहीत नाही, गावाची खरी भानगड १८७१ नंतरची आहे, म्हणजे इंग्रज कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिस इथल्या केल्म्सकॉट मॅनर या घरात राहायला आला तेव्हापासूनची.

आधी नावाचा घोळ. मॅनर म्हटलं की आपल्याला जहागीरदाराचा वाडा वाटतो, म्हणजे आसपासच्या जमिनीवर ज्याचा हक्क चालायचा त्याचं घर. हे घर तसं कधीच नव्हतं. साधारण १६०० च्या सुमारास एका खात्यापित्या शेतकऱ्याने ते बांधलं, पुढच्या पिढ्यांनी वाढवलं आणि त्याला म्हणायचे लोअर फार्म. १८६० च्या दशकात त्याच कुटुंबाने गावात आणखी जमीन घेतली तेव्हा कुठे मॅनर हे नाव चिकटलं, म्हणजे मॉरिस आला तेव्हा ते नाव जेमतेम दहा वर्षांचं होतं! त्यात त्याने १८७८ मध्ये लंडनला हॅमरस्मिथमध्ये भाड्याने घर घेतलं, त्यालाही केल्म्सकॉट हाऊस नाव दिलं, आणि १८९१ चा छापखानाही केल्म्सकॉटच, पण तो हॅमरस्मिथमध्ये. त्यामुळे पुस्तकं या गावात छापली असं बरेच जण समजतात, तसं नाहीये.

मॉरिस इथला मालकही नव्हता. १८७१ ला एका चित्रकार मित्राबरोबर भाड्याने घेतलं, मित्र १८७४ ला निघून गेला (त्यावर भरपूर लिहून झालंय, इथे सोडतो) आणि हा शेवटपर्यंत भाडेकरूच राहिला. १८८० मध्ये हॅमरस्मिथहून नावेने टेम्स चढत घरच्यांना आणि मित्रांना घेऊन तो इथवर आला. बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या थ्रश पक्षी पळवायचे, त्यावरून त्याला १८८३ चं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे निळं छापील कापड सुचलं. १८९६ मध्ये गेला तेव्हा धो धो पावसात लेचलेड स्टेशनहून त्याची शवपेटी शेतातल्या गाडीवरून आणली, पिवळी गाडी, लाल चाकं, विलोच्या फांद्या बांधलेली. मला तरी या गावाचा सगळा इतिहास त्या गाडीत दिसतो.

घर विकत घेतलं ते त्याच्या बायकोने, १९१३ ला, तो जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. त्याआधी १९०२ मध्ये तिने गावात त्याच्या आठवणीत जोडघरं बांधली, भिंतीवर झाडाखाली बसलेला मॉरिस कोरलाय. धाकट्या मुलीने पुढे कॉटेजेस बांधली, १९३४ मध्ये गावाला हॉल मिळाला, त्याचं उद्घाटन एका नामांकित नाटककाराने केलं आणि खुद्द पंतप्रधान हजर होते, एवढ्याशा गावात!

आता वादाचा मुद्दा. ही मुलगी १९३८ मध्ये वारली आणि घर ऑक्सफर्ड विद्यापीठाला देऊन गेली, अट अशी की वस्तू जशाच्या तशा ठेवायच्या आणि लोकांना बघायला मिळायला हवं. विद्यापीठाला घराचं म्युझियम करून सांभाळायचं नव्हतं, शेवटी १९६२ मध्ये घर आणि जमीन पुरातत्त्वाच्या एका जुन्या संस्थेकडे गेली. विद्यापीठाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की असल्या अटी पाळत घर राखणं हा पांढरा हत्तीच होता. मान्य, जुनं दगडी घर नदीकाठी सांभाळणं खायचं काम नाही. पण मग घेतलं कशाला? चोवीस वर्षं हातात ठेवून नंतर नको म्हणणं मला पटत नाही. ज्या माणसाने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायची चळवळ उभी केली त्याच्याच घराच्या वाट्याला हे यावं, याचं फार वाईट वाटतं. नव्या संस्थेने १९६० च्या दशकातच मोठी दुरुस्ती काढली, यावरून घराची काय अवस्था झाली असेल ते समजा.

त्याच १९६२ मध्ये फेअरफर्डची रेल्वेलाइनही बंद झाली, लेचलेडचं स्टेशन गेलं आणि १९०७ मध्ये सुरू झालेलं केल्म्सकॉट अँड लँगफर्डही. आता ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून वारसा जपायला मिळणाऱ्या निधीतून पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि एप्रिल २०२२ पासून घर परत बघता येतंय. पाटीवर अर्थात मॅनरच लिहिलंय.