सौर संकेंद्रक

आरशांनी ऊन एका रेषेवर किंवा बिंदूवर एकवटून त्या उष्णतेवर पाणी तापवणारी, वाफ करणारी किंवा वाफेवर टर्बाइन फिरवणारी यंत्रणा. छपरावरच्या सोलर पॅनेलपेक्षा ही वेगळी: पॅनेल उन्हाची थेट वीज करते, संकेंद्रक आधी उष्णता करतो.

कल्पना जुनी आहे. १८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून बॉयलर तापवला आणि त्यावर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवले. आजच्या मनोरा पद्धतीचे मूळ तिथे दिसते. या पद्धतीत शेकडो आरसे एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर ऊन फेकतात. वितळलेले क्षार ५६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवले की रात्रीही वीज करता येते. पन्हळीच्या आकाराच्या आरशांत नळीतले तेल सुमारे ३९० अंशांपर्यंत तापते. फ्रेनेल रचनेत जमिनीलगतच्या सपाट आरशांच्या पट्ट्या वरच्या स्थिर नळीवर ऊन पाडतात. राजस्थानातील धुरसरचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प या प्रकारचा आहे.

मराठवाड्यातले ठळक उदाहरण मात्र विजेचे नाही, दुधाचे आहे. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या सहभागाने विकसित झालेली ‘अरुण’ ही सुमारे १६० चौरस मीटरची तबकडी बसवण्यात आली. ती दोन अक्षांवर फिरत दिवसभर सूर्याकडे तोंड करून राहते. नाभीपाशी, म्हणजे ऊन एकवटते त्या बिंदूपाशी, तापणारे पाणी दाबाखाली असल्याने १८० अंशांच्या आसपासही उकळत नाही. पाश्चरीकरणाला ७२ अंश आणि १५ सेकंद पुरतात, त्यामुळे हे पाणी वेष्टन घातलेल्या टाकीत साठवून सावकाश वापरता येते. ढग आले की नेहमीचा बॉयलर आहेच.

विजेच्या बाबतीत इथली अडचण उन्हाची नव्हे, पाण्याची. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ पाण्याने थंड करायची तर एका युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी लागते. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले होते, आणि २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. हवेने थंड करण्याची सोय बरेच पाणी वाचवते, पण ऐन उन्हाळ्यात तिची कार्यक्षमता घटते आणि खर्चही वाढतो. साखर कारखान्यांना वाफ हवी असते, पण त्यांच्याकडे जाळायला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, घरचाच. तिथे आरशांचे गणित सहसा जुळत नाही. डेअरी, वसतिगृहांची स्वयंपाकघरे, कपडे रंगवण्याचे उद्योग अशा ठिकाणी ते जुळण्याची शक्यता अधिक.

एकवटते ते फक्त थेट ऊन. पावसाळी आभाळातला विखुरलेला उजेड आरशांच्या उपयोगाचा नाही. उन्हाळ्यातली धूळही चकाकी खाते, म्हणून आरसे वरचेवर धुवावे लागतात.