आडवी पडलेली पानं कापू नका

न्यू जर्सीत आमच्या घरामागे ओक आणि मेपलची एवढी गर्द सावली आहे की लॉन काही केल्या धरत नाही, होस्टा (सावलीत वाढणारी रुंद पानांची शोभेची झाडं) लावले तर ते हरणांनी फस्त केले. शेवटी ख्रिसमस फर्न लावले, त्याला हरणं सहसा तोंड लावत नाहीत. फर्न म्हणजे आपला नेचा हो, माथेरानला लहानपणी हातावर दाबून पांढरा छाप काढायचो ना, त्याचाच भाऊबंद. फक्त तो पाऊस सरला की वाळून आक्रसतो आणि हा पठ्ठ्या बर्फाखाली पण हिरवा!

पहिल्या वर्षी गाढवपणा केला. थंडी पडल्यावर सगळी पानं जमिनीवर लोळली, मला वाटलं मेली, म्हणून कात्रीने साफ करून टाकली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की देठाचा बुडाजवळचा भाग थंडीत ढिला पडतो आणि पान तिथूनच आडवं होतं, बाकी ते ठणठणीत असतं. जमिनीलगत वारा कमी, ऊब जरा जास्त, आणि वर बर्फाची गोधडी. मग वसंतात वरच्या झाडांना पालवी फुटायच्या आधी काही आठवडे खाली मस्त ऊन पोचतं, तेव्हा हीच जुनी पानं अन्न तयार करून घेतात. सावलीतल्या झाडाचा खरा सीझन तोच, आणि मी नेमकी ती पानंच कापली होती. आता नवीन पानांच्या गुंडाळ्या पूर्ण उलगडून जुनी पानं तपकिरी झाली की मगच कात्री, आणि तीही मूड असेल तर.

लावताना गड्डा खोल पुरायचा नाही, कुजतो. पाणी साचू द्यायचं नाही, पाचोळा झाडायचा नाही, बस्स. हा पसरत सुटत नाही, जागच्या जागी हळूहळू भरतो.

याला फूल नाही, बी नाही. पानाच्या टोकाकडच्या बारक्या पात्यांखाली तपकिरी भुकटी दिसते ना, ते बीजाणू. त्यातून आधी नखापेक्षा लहान, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं हिरवं पापुद्र्यासारखं काहीतरी उगवतं, त्यावरच्या नर पेशी पाण्याच्या थरातून अक्षरशः पोहत मादी पेशीपर्यंत जातात, मग कुठे खरा नेचा सुरू होतो, म्हणून ओल हवीच. गेल्या वर्षी कुजक्या ओंडक्यावरच्या शेवाळात दोन बोटं उंचीचं एक पिल्लू सापडलं, ते मी लावलेलं नाही.