पार्श्वभूमी : मॉडेलमधला बिंदू जमिनीवर नेमका कुठे?

रेव्हिट या इमारत-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलमधून कॉलमचे कोऑर्डिनेट (जागेचे आकडे) काढून देणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) दहा-बारा ओळींत लिहून होते. पण तिने दिलेले आकडे टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्रावर) चढवले आणि लाइनआउट (जमिनीवरची आखणी) शेजारच्या आंब्याच्या बागेत जाऊन पडले, तर दोष शोधायला बराच मागे जावे लागते.

कोकणातली जमीन दोन वेगवेगळ्या रीतींनी मोजली गेली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांची. ३३ बाय ३३ फुटांचा तुकडा म्हणजे गुंठा. या मोजणीत हद्दीचा दगड शेजारच्या दगडापासून किती लांब, एवढेच बघायचे. तो पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे याच्याशी गटाच्या नकाशाला कर्तव्य नव्हते. दुसरी रीत विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. तिथे प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश होते आणि हिशेबाला पुढे जॉर्ज एव्हरेस्टचा १८३० चा लंबगोल, म्हणजे पृथ्वीचा गणिती आकार, आला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्य वापराच्या नकाशांना डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतो तो पृथ्वीचा आकार) आणि यूटीएमवर (पृथ्वीचे उभे पट्टे करून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) आणले. एक रीत घरातली, म्हणजे आपल्यापुरती; दुसरी पृथ्वीची. माझ्या मते आजच्या सॉफ्टवेअरमधला बहुतेक गोंधळ याच दुहीचा आहे.

१९८२ चे ऑटोकॅड हे नकाशे काढायचे सॉफ्टवेअर या बाबतीत सरळ होते. रेषा जिथे काढली तेच तिचे आकडे. १९८६ च्या सुमारास ऑटोलिस्प ही त्याची प्रोग्रामिंग भाषा हाताशी आली आणि नकाशातले बिंदू वाचून साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवण्याची सोय झाली. एक्स, वाय, झेड, संपले काम.

रेव्हिट २००० मध्ये आले, २००२ मध्ये ऑटोडेस्ककडे गेले. त्याची बैठकच वेगळी. पडद्यावर मीटर दिसो वा मिलिमीटर, आत लांबी दशांश फुटांत साठवलेली असते. मोजमाप एका अंतर्गत मूळबिंदूपासून होते आणि भूमिती त्याच्या साधारण १६ किलोमीटरच्या आत ठेवावी लागते. त्यापलीकडे अचूकता ढासळते. रत्नागिरीत यूटीएमचा पूर्वेचा आकडा ३ लाख मीटरच्या वर, उत्तरेचा १९ लाखांच्या आसपास. ते आकडे जसेच्या तसे आत मावणार नाहीत, म्हणून सर्व्हे पॉइंट आणि शेअर्ड कोऑर्डिनेट ही पृथ्वीवरच्या जागेशी जोडणारी दुसरी चौकट दिलेली आहे. पुढे डायनॅमो हे रेव्हिटसाठी स्क्रिप्ट जुळवायचे साधन आले. त्याचे तयार नोड (जोडायचे ठोकळे) आतले फूट प्रकल्पाच्या एककात बदलून देतात. पण त्यातल्याच पायथन नोडमधून थेट एपीआयला (प्रोग्रामसाठी असलेल्या रेव्हिटच्या आतल्या दाराला) विचारले की पुन्हा फूट मिळतात. नवखा माणूस हमखास इथेच अडकतो. शेअर्ड आकडे हवे असतील तर बिंदू एपीआयच्या 'गेट प्रोजेक्ट पोझिशन' या आज्ञेमधून न्यावा आणि उत्तराला ०.३०४८ ने गुणून मीटर करावेत.

उत्तर दिशेच्या कोनाकडे मात्र फार कमी लोक बघतात. कोकण यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येते. त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर, सह्याद्रीच्या पलीकडे. त्यामुळे रत्नागिरीत नकाशाची उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे अर्ध्या अंशाचा फरक पडतो. १०० मीटर लांब इमारतीच्या टोकाला तो ८७ सेंटिमीटर भरतो.

इतर ठिकाणी हे चालून गेले असते. किनाऱ्यावर नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेपासून भरतीरेषेपासूनचे अंतर हाच परवानगीचा कणा आहे: ५०० मीटरपर्यंत नियमन, आणि ग्रामीण भागात २०० मीटरपर्यंत बांधकामबंदी. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत ही बंदी ५० मीटरवर आणली, म्हणजे चुकीला जागा आणखी कमी झाली. भरतीरेषा पृथ्वीच्या कोऑर्डिनेटमध्ये आखलेली, तर मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) दगडापासून दगडापर्यंतची. मॉडेलला या दोन्हींशी जुळायचे असते. म्हणून स्क्रिप्टच्या फाइलमध्ये कॉलमच्या यादीआधी एकक, पट्टा, उत्तरेचा कोन आणि जागेवर प्रत्यक्ष मोजलेले निदान दोन दगड छापावेत. साइटवरच्या सर्व्हेअरने आधी त्या दोन दगडांवर प्रिझम (टोटल स्टेशनचा किरण परतवणारी काच) धरावा आणि आकडे जुळल्यावरच पहिल्या कॉलमची खुंटी ठोकावी.