लॉस एंजेलिस काउंटीचे शेरिफ खाते: पार्श्वभूमी

मुंबईकरांना शेरीफ हा शब्द नवा नाही. 'मुंबईचे नगरपाल' ही वर्षभराची मानाची नेमणूक असते आणि दिलीपकुमार, सुनील गावस्कर अशा मंडळींनी ती भूषवली आहे. या पदाच्या कार्यालयाकडे उच्च न्यायालयाचे समन्स आणि जप्तीचे आदेश बजावण्याचे काम असते. ही आठवण जुन्या इंग्लंडची आहे. तिथे 'शायर' म्हणजे जिल्हा आणि 'रीव्ह' म्हणजे तिथला राजाचा कारभारी. वसुली करणे, शांतता राखणे, गुन्हेगाराला कोठडीत ठेवणे आणि न्यायालयाचा हुकूम पोचवणे ही सारी कामे त्याचीच. मुंबईत त्यातले शेवटचे काम तेवढे उरले. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वसुली पुढे सुटली, बाकीची तिन्ही टिकली आणि पद मतदारांच्या हाती गेले. लॉस एंजेलिसचे खाते हे त्या शाखेचे सर्वात मोठे रूप. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, लोकसंख्या सुमारे १ कोटी, क्षेत्रफळ ४ हजार चौरस मैलांहून थोडे अधिक.

कॅलिफोर्निया सप्टेंबर १८५० मध्ये राज्य झाले, पण काउंटीची पहिली निवडणूक त्याआधीच, एप्रिलमध्ये झाली होती. तीत जॉर्ज बरिल पहिला शेरिफ म्हणून निवडून आला. तेव्हाची काउंटी अवाढव्य होती. आजच्या सॅन बर्नार्डिनो, कर्न आणि ऑरेंज काउंट्यांचा मुलूख पुढे तिच्यातूनच वेगळा निघाला. शेरिफकडे कर गोळा करण्याचेही काम असे आणि त्याच्या कमाईत बजावणीच्या फीचा व वसुलीतल्या वाट्याचा भाग असे. जीवही तितकाच धोक्यात. जानेवारी १८५७ मध्ये हुआन फ्लोरेसच्या टोळीचा माग काढताना शेरिफ जेम्स बार्टन तीन साथीदारांसह मारला गेला आणि वर्षभराने शेरिफ विल्यम गेटमनही गोळीबारात पडला. २४ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री जमावाने शहरातल्या किमान १८ चिनी रहिवाशांना ठार केले, तेव्हा शेरिफ जेम्स बर्न्सने जमावाला आवरायचा प्रयत्न केला, पण हाताशी माणसेच पुरेशी नव्हती. गरज पडली की नागरिकांना गोळा करून तुकडी उभी करायची ही पद्धत अशा रात्री कोलमडते, कारण गोळा करायचे नागरिकच समोरच्या जमावात असतात.

कायम पगारी फौज हळूहळू उभी राहिली. १९१२ मध्ये मार्गारेट ॲडम्स या महिला डेप्युटी, म्हणजे शेरिफच्या हाताखालच्या अधिकारी, झाल्या. त्याहून खोल बदल १९१३ मध्ये अमलात आलेल्या काउंटीच्या सनदेने घडवला. डेप्युटींची भरती परीक्षा व नियमांखाली आली आणि नवा शेरिफ आला की जुनी माणसे घरी जाण्याचा प्रकार थांबला. माझ्या मते खात्याचा खरा जन्म इथे आहे. मात्र कायम झालेली ही फौज वरच्या एकाच निवडून आलेल्या माणसाकडे पाहू लागली आणि तो माणूस फारसा बदलेना. १९३२ ते २०१४ या ८२ वर्षांत युजीन बिस्काइलूझ, पीटर पिचेस, शर्मन ब्लॉक आणि ली बाका असे चारच निवडून आलेले शेरिफ झाले.

आजच्या खात्याचा आकार ठरवला १९५४ ने. लेकवूड ही नवी वसाहत शेजारच्या लाँग बीचमध्ये विलीन व्हायला तयार नव्हती, पण स्वतःचे पोलीस, अग्निशमन, रस्ते हे सारे उभारणे तिला परवडणारे नव्हते. तिने शहर म्हणून नोंदणी केली आणि सेवा काउंटीकडूनच कराराने विकत घेतल्या. दुसऱ्या वर्षी विक्रीकराचा वाटा शहरांना मिळण्याची कायदेशीर सोय झाली आणि हा मार्ग धरणाऱ्या शहरांची रांग लागली. आज काउंटीतल्या ८८ शहरांपैकी ४२ शहरांची पोलीससेवा शेरिफकडे आहे. कुठल्याही शहरात न मोडणारा भाग तर मुळातच त्याचा.

करारात डेप्युटी डोकी मोजून मिळत नाही, तासांच्या एककाने मिळतो. ५६ तासांचे एकक म्हणजे रोज ८ तास, आठवड्याचे सातही दिवस एक जागा भरलेली. एका माणसाला हे शक्य नाही, म्हणून साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण, प्रशिक्षण यांतला बदली माणूस त्या दरातच धरलेला असतो. बदली न धरलेले स्वस्त एककही असते. डेप्युटी रजेवर गेला की जागा रिकामी. पैसा वाचवायला शहरे हे घेतात आणि मग सुटीच्या मोसमात गस्त विरळ झाल्याची तक्रार करतात. ठरलेली मिनिटे खरोखर मिळाली का याचा हिशेब ठेवला जातो. खात्यात जागा रिक्त असल्या की ती मिनिटे सक्तीच्या जादा कामातून भरून निघतात आणि थकलेला माणूस गाडीत बसतो. दरावर नुकसानभरपाईच्या निधीसाठी अधिभार असतो, त्यामुळे एका ठाण्यातल्या डेप्युटीच्या गैरवर्तनाचा भार करार केलेल्या सगळ्या शहरांवर पडतो.

हुद्द्यांची उतरंड अशी: डेप्युटी, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, कमांडर, चीफ, असिस्टंट शेरिफ, अंडरशेरिफ आणि शेवटी शेरिफ. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन असतो आणि करार केलेल्या शहराचा नगर व्यवस्थापक रोजच्या कामात त्याच्याशीच बोलतो. पाळीचा ताबा लेफ्टनंटकडे.

तुरुंग हा खात्याचा सर्वात जड भाग. मेन्स सेंट्रल जेल १९६३ मध्ये आणि ट्विन टॉवर्स १९९७ मध्ये सुरू झाले. कास्टेकचे शेतीतुरुंग १९३८ चे. इथे कच्चे कैदी मोठ्या संख्येने असतात. २०११ च्या राज्य कायद्यानंतर कमी गंभीर गुन्ह्यांचे शिक्षा झालेले कैदीही काउंटीकडे आले, त्यामुळे काही दिवसांसाठी बांधलेल्या कोठड्यांत माणसे वर्षे काढू लागली. नवा डेप्युटी गस्तीवर जाण्याआधी काही वर्षे तुरुंगात घालवी. तिथे लागलेली मारहाणीची सवय पुढे रस्त्यावर उतरते, ही टीका जुनी आहे. २०१२ मध्ये तुरुंगातील हिंसेची चौकशी करणाऱ्या नागरिक आयोगाने तुरुंगसेवेची वेगळी कायम वाट असावी असे सुचवले. याच प्रकरणांतल्या केंद्रीय तपासात अडथळा आणल्याबद्दल अंडरशेरिफ पॉल तनाका आणि नंतर खुद्द बाका दोषी ठरले. बाकांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

न्यायालयाचे काम १९९४ मध्ये आणखी वाढले, कारण काउंटीचे वेगळे मार्शल खाते शेरिफ खात्यात विलीन झाले. आपल्याकडचा बेलिफ जे करतो ते इथे गणवेशधारी डेप्युटी करतो. घर रिकामे करण्याचेच उदाहरण घ्या. निकाल मिळाल्यावर घरमालक न्यायालयाकडून ताब्याचे वॉरंट घेतो आणि ते लेखी सूचना व फी यांसह शेरिफच्या दिवाणी शाखेला देतो. डेप्युटी दारावर ५ दिवसांची नोटीस लावतो. मुदत संपल्यावर तो ठरलेल्या दिवशी येतो, घर तपासतो, माणसांना बाहेर काढतो आणि ताबा देतो. कुलूप बदलायला माणूस आणणे मालकाचे काम, सामानाची जबाबदारीही त्याची. सूचनेतला पत्ता किंवा सदनिकेचा क्रमांक वॉरंटशी जुळला नाही तर कागद परत येतो. दाव्यात नाव नसलेल्या एखाद्या रहिवाशाने ताब्याचा हक्क सांगितला तर न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत काम थांबते.

इतके सारे एका माणसाच्या हाती असताना त्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न १८५० पासून लोंबकळत आहे. पाच सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते, पण शेरिफ राज्यघटनेने निवडून यायचा असल्यामुळे ते त्याच्या तपासकामात हात घालू शकत नाही आणि त्याला हुकूमही देऊ शकत नाही. खात्याच्या चौकशीनंतर आलेल्या १९९२ च्या कोल्ट्स अहवालाने बळाच्या गैरवापरावर बोट ठेवले. डेप्युटींच्या गुप्त टोळक्यांचा प्रश्न त्याआधीपासूनच न्यायालयात गाजत होता. नागरी देखरेख आयोग २०१६ मध्ये आला, त्याला कागद आणि माणसे हजर करण्याचा अधिकार मार्च २०२० च्या मतदानाने मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाला पाचापैकी चार मतांनी, कारण देऊन, शेरिफला हटवण्याची मुभा दिली. त्याच मतदानात तेव्हाचे शेरिफ ॲलेक्स व्हिलानुएवा हरले आणि रॉबर्ट लुना आले. शेरिफची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षात नेण्याच्या राज्य कायद्यामुळे लुना यांची ही एक मुदत चारऐवजी सहा वर्षांची, म्हणजे २०२८ च्या निवडणुकीपर्यंत चालणारी आहे.