बूमबॉक्स की शेल्फ स्टिरिओ : वॅटच्या आकड्यांत हरवलेला फरक

कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, ती मुख्यतः बोलणे टिपून ठेवण्यासाठी. ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतका संथ वेग. अशा साधनाकडून संगीताची फारशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. तरीही तीन वर्षांतच रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एका पेटीत बसले आणि मराठीत त्या पेटीला ‘टू-इन-वन’ हे नाव कायमचे चिकटले. घरातले संगीत तोवर रेडिओग्रामच्या, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकत्र असलेल्या, लाकडी कपाटात होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांनी ॲम्प्लिफायर (आवाज वाढवणारा), ट्यूनर (रेडिओ पकडणारा) आणि डेक (कॅसेट वाजवणारा) हे सुटे भाग आकाराने लहान करून पुस्तकांच्या फळीवर मावतील असे बनवले, तो शेल्फ स्टिरिओ; आणि त्याच सुमारास टू-इन-वनला दुसरा स्पीकर मिळून तिचा स्टिरिओ बूमबॉक्स झाला. म्हणजे बूमबॉक्स घ्यावा की शेल्फ स्टिरिओ ही निवड जेमतेम अर्ध्या शतकाची आहे.

खरा गोंधळ १९८० च्या दशकात सुरू झाला, कारण दोन्ही प्रकार दिसायला एकमेकांच्या जवळ येत गेले. बूमबॉक्सला दोन कॅसेटांची सोय, पाच पट्ट्यांचा इक्वलायझर आणि बाजूने काढून लांब ठेवता येणारे स्पीकर आले. शेल्फ स्टिरिओचे सुटे भाग पुढे एकाच खोक्यात आले आणि फक्त स्पीकर वेगळे उरले. समोरून पाहणाऱ्याला फरक सांगता येईना, तेव्हा त्याने आकडा पाहायला सुरुवात केली, आणि तो आकडा म्हणजे वॅट.

या आकड्याचा इतिहास थोडा तपशिलात पाहावा लागतो. अमेरिकेत १९७४ मध्ये एक सरकारी नियम आला. घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती जाहीर करताना ती सतत देता येणारी, दर चॅनेलची (डाव्या वा उजव्या बाजूची), सर्व चॅनेल एकाच वेळी चालू असतानाची आणि आवाज किती बिघडतो हे सांगून दिलेली असावी, असे त्यात ठरले. मोजणीपूर्वी ॲम्प्लिफायर तासभर एक तृतीयांश शक्तीवर चालवून तापवण्याची अटही होती आणि तीच सर्वांत वादग्रस्त ठरली. त्या काळच्या प्रचलित रचनेचा ॲम्प्लिफायर साधारण त्याच पातळीवर सर्वाधिक तापतो, तर संगीत ऐकताना सरासरी शक्ती त्याहून बरीच कमी लागते. म्हणून ही अट अवाजवी आहे आणि तिच्यापायी विनाकारण मोठे हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे भाग, बसवावे लागतात, अशी उत्पादकांची तक्रार होती. पुढे ती पातळी एक अष्टमांशावर आणण्यात आली. तक्रारीत तथ्य होते, पण नियमाचा फायदा त्याहून मोठा होता: फळीवरच्या चांगल्या संचाचा आकडा त्यामुळे विश्वासार्ह झाला. दोन वॅटपर्यंतची शक्ती स्पष्टपणे जाहीर करणाऱ्या लहान उपकरणांना मात्र नियमातून सूट होती.

सततच्या या शक्तीला बाजारात ‘आरएमएस वॅट’ म्हणू लागले. शास्त्राच्या दृष्टीने हा शब्द चुकीचा आहे, कारण आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) हे मूल्य व्होल्टेजचे काढतात आणि त्यावरून मिळते ती सरासरी शक्ती; तरीही निदान त्यामागे एक मोजणी आहे. ‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) या अक्षरांमागे तसे काहीच नाही. संगीताच्या एखाद्या क्षणिक ठोक्याला ॲम्प्लिफायर जी कमाल शक्ती देऊ शकेल ती, असा त्याचा ढोबळ अर्थ; पण तो क्षण किती लहान धरायचा, तेव्हा आवाज किती फाटलेला चालेल आणि सर्व स्पीकरांचे आकडे एकत्र मिळवायचे का, यांपैकी एकाही गोष्टीला सर्वमान्य मापदंड नव्हता. कोणताही ठरावीक भागाकार करून पीएमपीओवरून खरी शक्ती काढता येते, ही समजूतही म्हणूनच चुकीची आहे. ही अक्षरे ग्राहकाची दिशाभूल करणारी होती, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

संच उलटा करून पाहिला की हे लगेच कळते. पुढच्या जाळीवर चांदी रंगाच्या स्टिकरवर शेकड्यांतला पीएमपीओ आणि मागे, वायर शिरते त्या भोकाशेजारच्या पट्टीवर, बारीक अक्षरांत एकूण वीजवापर: वीस-पंचवीस वॅट. भिंतीतून जेवढी वीज येते त्याहून जास्त शक्ती स्पीकरकडे सतत जाऊच शकत नाही.

बूमबॉक्सची मर्यादा तर सेलच्या कप्प्यातच ठरलेली असते. दीड व्होल्टचे आठ मोठे सेल म्हणजे बारा व्होल्ट. साध्या रचनेत त्यातून चार ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरला एका चॅनेलमागे जास्तीत जास्त साडेचार वॅट मिळतात, तेही गणिताने. ट्रान्झिस्टरमधली घट धरली आणि सेल उतरू लागले की त्याहून कमी. दोन ॲम्प्लिफायर जोडून चालवण्याच्या रचनेत हा आकडा चौपट, म्हणजे अठरा होतो, पण सेलही त्याच वेगाने संपतात. फळीवरच्या संचात वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्याकडून अधिक पंचवीस व उणे पंचवीस व्होल्टचा दुहेरी पुरवठा घेतला, तर आठ ओहमलाही गणिताने एकोणचाळीस वॅटपर्यंत जाता येते. कडी धरून उचलता येणे हा बूमबॉक्सचा मोठाच गुण आहे, पण त्याची किंमत इथे मोजावी लागते.

शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, त्यामुळे वॅटइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व स्पीकरांमधल्या अंतराला आहे. स्टिरिओचा खरा परिणाम दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला की मिळतो, म्हणजे स्पीकर ऐकणाऱ्यापासून साठ अंशांच्या कोनात हवेत. चाळीस सेंटिमीटर अंतरावरचे स्पीकर दोन मीटरवरून ऐकले, तर तो कोन जेमतेम अकरा अंश भरतो. बूमबॉक्सवर ‘वाइड’ नावाचे बटण आले ते याचमुळे: एका बाजूचा थोडा आवाज उलटा करून दुसऱ्या बाजूत मिसळायचा, म्हणजे कानाला पसारा मोठा भासतो. हे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे, पण मधोमध उभा असलेला गायकाचा आवाज त्यात पातळ होतो. स्पीकर खरोखरच लांब ठेवता आले, तर त्या बटणाची गरज उरत नाही. एफएम ऐकणाऱ्यासाठी मात्र पारडे फिरते, कारण बूमबॉक्सच्या अँटेनाची सुमारे पाऊण मीटरची दांडी हवी तशी वळवता येते, तर फळीवरच्या संचामागे लोंबणारी अँटेनाची वायर बहुधा जिथे पडेल तिथेच राहते.

१९८२ मध्ये सीडी आली आणि फीत घासल्याची सरसर गेली. बूमबॉक्सला मात्र धक्क्याने गाणे उडी मारण्याचा नवा त्रास लागला. त्यानंतरचे बदल अधिक मूलभूत आहेत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याची सोय २००३ च्या सुमारास झाली आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेच्या क्लास-डी ॲम्प्लिफायरमुळे तापण्याचा जुना प्रश्न बराच सुटला. आजचा वाहता येणारा स्पीकर जुन्या बूमबॉक्सहून कितीतरी जोरात वाजतो, आणि असे दोन स्पीकर बिनतारी जोडून खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले, तर अंतराची अडचणही दूर होते. अमेरिकेतला तो नियम २०२४ मध्ये पुन्हा बदलून आठ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि एक टक्क्याहून कमी बिघाड अशी मोजणीची अट ठरवण्यात आली. वाहता येणाऱ्या मोठ्या स्पीकरांपैकी काहींच्या माहितीपत्रकात शक्तीचे दोन आकडे वेगळे छापलेले असतात, एक भिंतीतल्या विजेवरचा आणि दुसरा बॅटरीवरचा, आणि दुसरा पहिल्याहून कमी असतो.