काष्ठौषधीची दुकाने (मुंबई)

वाळलेली मुळे, साली, बिया, फळे व डिंक सुटे विकणारी दुकाने. बोलीत ‘झाडपाल्याचे दुकान’. असा माल विकणाऱ्याला गुजरातीत गांधी म्हणतात, अरबी-फारसीतून आलेला शब्द अत्तार. दोन्ही आता आडनावे होऊन बसली आहेत. मुंबईत भुलेश्वर, काळबादेवी, मशीद बंदर, दादर या भागांत ही दुकाने आढळतात. वैद्याची चिठ्ठी घेऊन येणारे थोडे. बहुतेक गिऱ्हाईक आजीने सांगितलेली नावे घोकत येते.

त्यातले नेहमीचे मागणे बाळगुटीचे. हिरडा, वेखंड, मायफळ, जायफळ, सुंठ, हळकुंड, डिकेमाली, अतिविष, मुरुडशेंग, खारीक, बदाम. यादी घरागणिक बदलते. सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे मोजके वेढे उगाळायचे, जायफळ अगदी बेताने, नाहीतर मूल झोपूनच राहते. मुरुडशेंग दोरीसारखी पिळलेली असते, म्हणून ती पोटातल्या मुरड्यावर. रूपावरून गुण ठरवण्याची ही रीत युरोपच्या जुन्या वनस्पतिवैद्यकातही होती.

या व्यापाराची पहिली मोठी छापील नोंद पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याची. १५३४ मध्ये तो गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधींवरचा ग्रंथ संवादरूप आहे. मुंबईतल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, हे तो त्यात कौतुकाने सांगतो. कवी कामोइंशची पहिली छापील कविता याच ग्रंथात आली. वाचताना लक्ष जाते ते मात्र अंतोनिया या दासीकडे: मालक हाक मारतो आणि ती औषधींचे नमुने आणून ठेवते. ओर्ताच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहिले, पण औषध बराच काळ गुप्त ठेवले. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरनेही गुपित जपावे ते वैदूसारखेच! पुढे सांडू (स्थापना १८९९) आणि झंडू (स्थापना १९१०) या औषध कंपन्यांनी काढे-आसवे बाटलीबंद केली, आणि घरची उगाळणी हळूहळू कमी झाली.

याच धंद्याची काळी बाजू म्हणजे अफू घातलेल्या बाळगोळ्या. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना त्या देऊन निजवत; १९२० च्या दशकात मुंबईतल्या डॉक्टरांनी यावर लिहिले. पाळणाघर नसताना दुसरे काय करणार होत्या त्या?

१९३८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदवही सुरू झाली. तुंबडी लावत, झोळीतून मुळ्या विकत हिंडणारे वैदू तिच्या बाहेरच राहिले. जोगेश्वरीत त्यांची जुनी वस्ती आहे.