मँडोलिनवरील हाफ-डिमिनिश्ड अर्पेजिओ

मूळ स्वर, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल निषाद हे चार स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवले की हाफ-डिमिनिश्ड अर्पेजिओ होतो. मूळ स्वरापासूनची अंतरे ३, ६ आणि १० अर्धस्वरांची. बी धरला तर बी, डी, एफ, ए. यातला एफ अर्धस्वर चढला तर साधा बी मायनर सेव्हन कॉर्ड (स्वरसमूह) होतो. ए अर्धस्वर उतरला तर पूर्ण डिमिनिश्ड.

सोलापुरात मराठीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगूही बोलली जाते. त्यामुळे तिथे कर्नाटक पद्धतीत शिकलेलेही असू शकतात; त्यांना वरचे तीन स्वर साधारण गांधार, प्रति मध्यम, कैशिकी निषाद म्हणून माहीत असतात, आणि हेमवती रागात ते तिन्ही सापडतात. हिंदुस्थानी कानाला शिवरंजनी रागिणी अधिक जवळची. पांढरी दोनचा (हार्मोनियमवरचा डी) सा धरून शिवरंजनीतले ध, सा, कोमल ग, प वाजवले की नेमके बी, डी, एफ, ए येतात. शिवरंजनी गळ्यात असलेल्याने हा अर्पेजिओ कोरडा पाठ करण्यात अर्थ नाही. आधी गाऊन मग वाजवावा.

मँडोलिनच्या चार जोड्या जी, डी, ए, ई अशा लावतात; लागून असलेल्या दोन जोड्यांत पंचमाचे अंतर. त्यामुळे या अर्पेजिओचे दोन-दोन स्वर प्रत्येक जोडीवर बसतात: जीवर ४ व ७, डीवर ३ व ७, एवर २ व ५, ईवर १ व ५ हे पडदे. बोटे अनुक्रमे मधले-करंगळी, मधले-करंगळी, तर्जनी-अनामिका, तर्जनी-अनामिका. एकही तार मोकळी नसल्याने सगळा साचा एक पडदा वर सरकवला की सीचा अर्पेजिओ मिळतो.

स्वर आठ, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याच्या एका आवर्तनात चढ आणि दुसऱ्यात उतार. मेट्रोनोम ६०वर, ठोक्याला एक स्वर, पिक (तारा छेडायची चकती) खाली-वर आलटून. वरच्या फटक्यात जोडीतली एकच तार वाजते आणि आवाज पातळ होतो. पिकचे टोक कमी खुपसले की सुधारते.

अडचण बहुधा डीच्या सातव्या पडद्यावर येते. मधले बोट तिसऱ्यावर असताना करंगळी ताणली जाते, जोडीतली एक तार अर्धवट दबते आणि भुणभुण सुरू होते. करंगळी पडद्याला खेटून टेकवावी आणि कोपर थोडा आत घ्यावा. तिच्याऐवजी मोकळी ए वाजवण्याची पळवाट सोपी आहे, पण ती तार पुढच्या स्वरांखाली घुमत राहते. सुराची खात्री मात्र तिच्याशीच करावी: दोन्ही ए तंतोतंत जुळले पाहिजेत. ईचा पहिला पडदा दाबल्यावर एफ चढा लागत असेल तर नटची (पट्टीच्या टोकाशी तारा टेकतात त्या आडव्या तुकड्याची) खाच उथळ असते. बोटाचा दोष नसतो.

नुसते चढ-उतार घोटून हात तयार होतो, गाण्यात उपयोग कळत नाही. ए मायनरमध्ये हा अर्पेजिओ ई सेव्हन कॉर्डकडे नेतो: बी आणि डी जागेवर राहतात, एफ ईवर उतरतो, ए जी शार्पवर. ईच्या पाचव्या पडद्यावर चढ संपवून चौथ्यावर यायचे आणि तिथून ए मायनर घ्यायचा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४०च्या वर जातो, हवा कोरडी असते. पडदे बसवलेल्या पट्टीचे लाकूड आकसले की पडद्यांची टोके कडेने बाहेर येतात आणि ईवर उतरताना तर्जनीला बोचतात. ती कारागिराकडून घासून घ्यावीत. मँडोलिनची घोडी बहुधा चिकटवलेली नसते, ती सरकू नये म्हणून तारा एकेक करून बदलाव्यात आणि बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुराशी) ताडून पाहावा.